पोकेमॉन मालिकेतील विसंगती : यांपैकी खरी चूक कोणती मानावी?

राजारामपुरी_वाचक यांचा प्रश्न :

आमच्या तालमीच्या वरच्या मजल्यावर मुलांसाठी एक छोटे वाचनालय चालते. दिवाळीच्या सुट्टीत तिथली मुले भित्तिपत्रक काढतात आणि यंदा त्यांनी एकमताने विषय ठरवला आहे तो पोकेमॉन या जपानी कार्टून मालिकेतील चुकांचा. 2003 साली ही मालिका आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर लागू लागली तेव्हा चिप्सच्या पाकिटातले टॅझो (चित्रांच्या चकत्या) जमवणाऱ्यांपैकी मीही एक होतो, त्यामुळे यादी तपासून देण्याची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. यादीतील काही मुद्दे मला पटले, काही ओढूनताणून आणलेले वाटले आणि काहींवर मला निर्णय देता येत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

सर्वांत मोठा वाद चारिझार्ड या पोकेमॉनवरून, म्हणजे मालिकेतल्या एका अद्भुत प्राण्यावरून, पेटला आहे. मालिकेचा नायक अ‍ॅश याचा चारमँडर रूप बदलत आधी चारमेलिऑन आणि मग चारिझार्ड झाला, हे सगळ्यांनी पाहिले आहे. असे असताना पुढे नाताळच्या गोष्टीचा एक भाग लागतो आणि त्यात तोच चारमँडर पुन्हा पूर्वीसारखा लहान होऊन, शेपटीवर इवलीशी ज्योत घेऊन उभा असतो. त्याला लागूनच येणाऱ्या बर्फातल्या भागातही तेच. सहावीतल्या एका मुलीच्या मते ही लेखकाची ढळढळीत चूक आहे; तिच्या धाकट्या भावाच्या मते हा चारमँडरच दुसरा आहे; आणि या एका मुद्द्यावरून दोघांचे बोलणे सध्या बंद आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात सांगतो. अ‍ॅशच्या पिकाचू या पोकेमॉनच्या विजेचा ऑनिक्स या पोकेमॉनवर परिणाम कसा काय होतो? अ‍ॅशकडे टॉरोस जातीचे तीस पोकेमॉन अचानक कुठून आले? इतकी वर्षे भटकूनही अ‍ॅश दहा वर्षांचाच कसा राहतो? जिथे सगळे प्राणी पोकेमॉनच आहेत, त्या जगात भारतीय हत्तीचे नाव कसे निघते? आणि लीग या मोठ्या स्पर्धेत उतरायला जिममध्ये, म्हणजे लढतींच्या आखाड्यांत, मिळणारे आठ बिल्ले पुरतात, तर अ‍ॅशचा प्रतिस्पर्धी गॅरी दहा बिल्ले का मिरवतो? भित्तिपत्रक एकदा लागले की गल्लीतली मोठी मुले ते चाळणी लावून वाचतात आणि एखादा मुद्दा पोकळ निघाला तर लहानांची पुढच्या गणपतीपर्यंत थट्टा होते. तेव्हा जाणकारांनी कृपया कारणांसह लिहावे.

सेटवरचा_माणूस यांचे उत्तर :

चारमँडरचे कोडे सुटण्यासारखे आहे. त्यात बहिणीचा आरोप चुकीच्या माणसावर आहे आणि भावाची पळवाटही बरोबर नाही. तो चारमँडर अ‍ॅशचाच आहे आणि लेखकाने त्याला योग्य वेळीच लहान दाखवले होते. भाग मात्र भलत्या वेळी प्रसारित झाला.

घडले ते असे. 16 डिसेंबर 1997 रोजी जपानमध्ये मालिकेचा 38वा भाग दाखवला गेला. त्यात पिकाचूच्या विजेचा मारा क्षेपणास्त्रांवर होतो तेव्हा पडद्यावर लाल आणि निळा प्रकाश अतिशय वेगाने आलटूनपालटून चमकतो. तो पाहून देशभरातील मुलांना मळमळ, चक्कर आणि काहींना झटके आले व 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. मालिका थांबवण्यात आली ती थेट 16 एप्रिल 1998 रोजी पुन्हा सुरू झाली, आणि तो भाग तर पुन्हा कधीच दाखवला गेला नाही. नाताळचा भाग त्याच डिसेंबरात आणि बर्फाचा भाग त्यानंतर लगेच लागायचा होता. मालिका परत आली तेव्हा नाताळ केव्हाच सरला होता, म्हणून हे दोन्ही भाग बाजूला ठेवून पुढची कथा दाखवत राहिले आणि ते एकदाचे 5 ऑक्टोबर 1998 रोजी एकत्र दाखवून टाकले. मधल्या काळात चारमँडरचा चारिझार्ड होऊन गेला होता. मुलांना पडताळून पाहायचे असेल तर त्या दोन भागांत अ‍ॅशची सोबतीण मिस्टी हिच्या हातांकडे पाहायला सांगा. एरवी तिच्या कडेवरून न उतरणारा टोगेपी हा छोटा पोकेमॉन तिथे नाही, कारण मूळ क्रमानुसार तो अजून तिच्याकडे आलेलाच नव्हता. चारमँडर दुसरा असता तर टोगेपी कुठे गेला, याचे उत्तर त्या भावाला द्यावे लागेल.

हा मुद्दा मला चटकन ओळखू येतो, कारण मी मराठी मालिकांच्या चित्रीकरणात सहायक दिग्दर्शक आहे आणि कंटिन्युइटी, म्हणजे दृश्यादृश्यांतले सातत्य, सांभाळणे हे माझे रोजचे काम आहे. आमच्याकडे स्वयंपाकघरातला प्रसंग एका दिवशी चित्रित होतो आणि त्याच प्रसंगात सून जेवणाचे ताट घेऊन अंगणात येते तो तुकडा कधी कधी पुढच्या आठवड्यात. त्यामुळे प्रत्येक शॉट संपला की मी मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवतो : पदर कोणत्या खांद्यावर होता, अंबाड्यात गजरा कोणत्या बाजूने माळला होता, वाटीतली आमटी कुठवर आली होती. एवढे करूनही चूक होते ती बहुधा सेटवर होत नाही. आमच्याकडे पुढच्या भागांची बँक तयार असते आणि एखादा सणाचा विशेष भाग वाहिनीच्या सांगण्यावरून अलीकडे ओढला जातो. मग ज्या नायिकेच्या कपाळावर जिन्यावरून पडल्यामुळे पट्टी आहे, ती पट्टी प्रेक्षकांना सोमवारी दिसते आणि ती जिन्यावरून पडते बुधवारी. पत्रे मात्र लेखिकेच्या नावाने येतात.

म्हणून मुलांना माझी सूचना अशी आहे की, चूक लिहिताना ती कोणाच्या हातून झाली हेही लिहावे : लेखकाच्या, चित्रकाराच्या, प्रसारण करणाऱ्यांच्या की आपल्यापर्यंत मालिका पोचवणाऱ्यांच्या. चित्रकारांच्या चुकांत फार गुंतू नये. एखाद्या चौकटीत टोपीचा रंग बदलला किंवा पट्टा गायब झाला, हे शोधणे सोपे असते आणि त्यातून काही कळत नाही.

जाता जाता एक. 38व्या भागात पोरीगॉन नावाचा पोकेमॉन प्रमुख होता. लखलखाट झाला तो पिकाचूच्या विजेमुळे. पण मालिकेतून हद्दपार झाला तो बिचारा पोरीगॉन. हा अन्याय भित्तिपत्रकात जरूर मांडावा.

कसबा_बावडा_खेळाडू यांचे उत्तर :

चारमँडरबद्दल वरील स्पष्टीकरण अचूक आहे. ऑनिक्सची गोष्ट वेगळी. तिथे प्रसारणाचा किंवा डबिंगचा काही संबंध नाही. ती कथा तशीच लिहिलेली आहे, आणि मुलांच्या यादीतला सर्वांत भक्कम मुद्दा माझ्या मते तोच आहे.

ज्यांनी मूळ खेळ (व्हिडिओ गेम) खेळला आहे त्यांना नियम ठाऊक आहे. ऑनिक्स हा खडक आणि जमीन अशा दोन्ही प्रकारांत मोडतो आणि जमीन प्रकारच्या पोकेमॉनवर विजेचा परिणाम शून्य असतो. कमी नव्हे, शून्य. आता पाचव्या भागात काय होते ते पाहा. अ‍ॅश पहिल्या लढतीत जिमप्रमुख ब्रॉकच्या ऑनिक्सपुढे हरतो. मग ब्रॉकचे वडील पिकाचूला पाणचक्कीला जोडून त्याची वीज वाढवून देतात. विजेचा परिणाम शून्य असेल तर ती दुप्पट करा, दसपट करा, गुणाकार शून्यच येतो, हा प्रश्न लेखकाला पडलेला दिसत नाही. दुसऱ्या लढतीत विजेने आग लागते, आग विझवण्यासाठी छतावरचे फवारे सुरू होतात, ऑनिक्स भिजतो आणि भिजल्यामुळे त्याला विजेचा धक्का बसू लागतो. खेळात ओले होण्याने प्रकार बदलत नाही. पाण्याचा मारा ऑनिक्सला थेट लागतो ही गोष्ट खरी, पण म्हणून त्याच्यावर वीज चालू लागते असे नाही.

तरीही न्यायाने सांगायचे तर लेखकाला आपण नियम वाकवला आहे याची जाणीव असावी, कारण तो अ‍ॅशला ती लढत जिंकू देत नाही. ऑनिक्स हतबल झालेला असताना ब्रॉकची भावंडे आडवी येतात, आणि फवारे योगायोगाने सुरू झाले तेव्हा हा विजय आपला नव्हे असे म्हणून अ‍ॅश थांबतो. बिल्ला ब्रॉक नंतर स्वतःहून देतो. आपल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कोणी अशी कुस्ती केली असती तर पाठ टेकल्याशिवाय कसली चितपट, म्हणून प्रेक्षकांनी मैदान डोक्यावर घेतले असते. पहिल्या लीगमध्ये अ‍ॅशला असे बिल्ले वारंवार मिळतात. मिस्टीच्या बहिणी टीम रॉकेट या खलनायकांच्या टोळीला पळवून लावल्याबद्दल बिल्ला देतात, एरिका ही जिमप्रमुख तिच्या ग्लूम या पोकेमॉनला आगीतून वाचवल्याबद्दल देते, आणि सबरीनाचा बिल्ला हॉन्टरने तिला हसवल्यामुळे मिळतो. याला चूक म्हणता येणार नाही, पण कथानकाचा दुबळेपणा नक्की म्हणता येईल. दहा वर्षांचा मुलगा हळूहळू तयार होतो आहे हे दाखवण्याऐवजी लेखकांनी त्याला उपकारावर पुढे ढकलले आहे.

ऑनिक्सच्या बाबतीत निदान काही सबब तरी आहे. ब्लेन या जिमप्रमुखाच्या ऱ्हायडॉनशी लढताना तीही उरत नाही. ऱ्हायडॉनही जमीन प्रकारचाच. पिकाचूची वीज त्याला लागत नाही हे दिसल्यावर अ‍ॅश ओरडतो की शिंगावर मार, आणि शिंग विजेच्या सळईसारखे काम करून ऱ्हायडॉन कोसळतो. गंमत अशी की पुढे 2002 साली आलेल्या रूबी आणि सफायर या खेळांत पोकेमॉनना खास क्षमता देण्यात आल्या, तेव्हा ऱ्हायडॉनच्या वाट्याला आली ती नेमकी वीज ओढून घेणाऱ्या सळईची. आणि ती असूनही वीज त्याचे काहीच बिघडवत नाही, कारण जमिनीचा नियम जागच्या जागी आहे. म्हणजे ज्या कारणाने मालिकेत तो हरला, त्याच कारणाने खेळात तो शाबूत राहतो.

लेखकांना सातत्य जमतच नव्हते, असे मात्र मुलांनी लिहू नये. चारिझार्ड अ‍ॅशचे ऐकेनासा होतो हा धागा त्यांनी अनेक भाग सांभाळला आणि त्याची किंमतही मोजायला लावली. इंडिगो लीगमध्ये रिची या स्पर्धकाविरुद्ध चारिझार्ड ऐन वेळी लढायचे सोडून आडवा होतो आणि अ‍ॅश स्पर्धेबाहेर जातो. मुलांच्या मालिकेत नायकाला इतक्या सरळ कारणाने हरवणे, याला धाडस लागते.

राजारामपुरी_वाचक :

दोघांचेही मनापासून आभार. टोगेपीचा पुरावा मी काल मुलांना दाखवला. भावाने थोडा वेळ विचार करून, टोगेपी त्या दिवशी आजारी असेल, असे उत्तर दिले आहे. तेव्हा बोलणे अजून सुरू झालेले नाही. ऑनिक्सचा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्यायचे ठरले. टॉरोस आणि अ‍ॅशचे वय यांबद्दलही कोणी लिहिले तर बरे होईल, कारण वयाच्या मुद्द्यावर आमच्या वाचनालयातील ताईंचे म्हणणे असे आहे की व्यंगचित्रातल्या मुलाचे वय मोजणे हाच मुळात वेडेपणा आहे.

शिवाजी_पेठ_मेघा यांचे उत्तर :

दादा, टॉरोसची चूक लेखकाचीही नाही आणि प्रसारणाच्या क्रमाचीही नाही. तो भागच आपल्यापर्यंत आला नाही. मूळ जपानी मालिकेच्या 35व्या भागात अ‍ॅश सफारी झोनमध्ये जातो. तिथे तो कोणताही पोकेमॉन धरायला गेला की मध्ये टॉरोसच येतात, आणि बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ तीस टॉरोस असतात. तो भाग विनोदी आहे, पण त्यात सफारी झोनचा रखवालदार मुलांवर पिस्तूल रोखतो, म्हणून अमेरिकेत इंग्रजी रूपांतर करताना तो संपूर्ण वगळण्यात आला. आपल्याकडची हिंदी मालिका त्या इंग्रजी रूपांतरावरून तयार झाली, त्यामुळे आपल्यालाही तो दिसला नाही. पुढे प्रोफेसर ओक यांच्या आवारात टॉरोसचा कळप धुरळा उडवत धावतो आणि ऑरेंज बेटांवर ड्रेकविरुद्ध अ‍ॅश त्यांतला एक मैदानात उतरवतो, तेव्हा जपानी मुलांना हसू येते आणि आपली मुले एकमेकांकडे पाहतात. भित्तिपत्रकात हा मुद्दा घ्यावा, मात्र तो गाळलेल्या भागाचा परिणाम म्हणून घ्यावा.

वयाच्या बाबतीत वाचनालयातील ताईंशी मी अर्धवटच सहमत आहे. पात्रांचे वय गोठवणे हा लहान मुलांच्या मालिकांतील जुना आणि मान्य संकेत आहे. दर वर्षी नवीन दहा वर्षांची मुले पाहायला बसतात आणि त्यांना आपल्या वयाचा नायक हवा असतो. संकेत पाळणे ही चूक नव्हे. मात्र संकेत पाळायचा असेल तर काळ मोजायचा नाही, हे पथ्यही पाळावे लागते, आणि ते मालिकावाल्यांनी स्वतःच मोडले आहे. 2000 साली चित्रपटासोबत दाखवलेल्या पिकाचू आणि पिचू यांच्या लघुपटात अ‍ॅश आणि पिकाचू यांच्या भेटीला एक वर्ष झाले म्हणून मेजवानीचा बेत आखला जातो. म्हणजे तेव्हाच अ‍ॅश अकरा वर्षांचा व्हायला हवा. त्यानंतर जोहोटो, होएन, सिनो असे प्रदेश पालथे घालून 2010 मध्ये तो युनोव्हा प्रदेशात पोचतो, तेव्हाही तो दहा वर्षांचाच असतो. म्हणून मुलांनी 'अ‍ॅश मोठा का होत नाही' असे न विचारता 'मग भेटीचा वाढदिवस कशाला साजरा केला' असे विचारावे.

मला यापेक्षा मोठी विसंगती वाटते ती त्याच 2010 च्या सुरुवातीची. युनोव्हात पहिल्याच लढतीत पिकाचू एका नवशिक्या मुलाच्या स्नायव्हीपुढे हरतो. त्याचे कारण दिलेले आहे : झेक्रॉम या बलाढ्य पोकेमॉनच्या वादळामुळे पिकाचूची वीज काही काळ निघतच नाही. हे मान्य. पण त्या झेक्रॉमने अ‍ॅशची अक्कलही पळवली होती काय? सिनो लीगमध्ये टोबायसच्या डार्कराईला हरवून दाखवणारा मुलगा, जिथे टोबायसपुढे बाकीचे सारे खेळाडू त्या एका डार्कराईशीच हरले होते, तो मुलगा इथे पोकेमॉन कसा धरावा यातही चाचपडतो आणि प्रकारांचे साधे नियम विसरतो. वय गोठवले तर मी हरकत घेत नाही, शिकलेले पुसून टाकले तर घेते. अनुभव हे पात्राचे भांडवल असते आणि ते नव्या खेळाच्या विक्रीसाठी शून्यावर आणले, असे मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते. 2022 मध्ये तोवरचा जगज्जेता लिऑन याला हरवून अ‍ॅश जगज्जेता झाला आणि 2023 मध्ये त्याने मालिकेचा निरोप घेतला, तेव्हा त्याच्या इतक्या प्रवासाला न्याय मिळाला खरा. पण युनोव्हाची ती पहिली पायरी मधूनच निखळलेली राहिली.

तुमच्या यादीत अ‍ॅशचा पक्षी पोकेमॉन पिजिऑट दिसला नाही, याचे आश्चर्य वाटले. आपल्या थव्याचे रक्षण करण्यासाठी त्याला मागे ठेवून अ‍ॅश परत येण्याचे वचन देतो आणि मग वर्षानुवर्षे त्याचे नावही निघत नाही. मात्र 2023 च्या निरोपाच्या भागांत पिजिऑट परत आला, त्यामुळे आता ती चूक म्हणून लिहिता येणार नाही. फार उशिरा फेडलेले कर्ज म्हणता येईल.

सेटवरचा_माणूस :

मेघाताईंचा युनोव्हाचा मुद्दा यादीत नव्हता, पण तो जरूर घ्यावा. सेटवर आम्ही पदर आणि गजरा सांभाळतो. पात्राला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे सांभाळणे लेखकाचे काम, आणि तिथली चूक छायाचित्रात सापडत नाही. 2017 सालचा चित्रपट मात्र मुलांना यात मिसळू देऊ नका. त्यात अ‍ॅशची सुरुवात पुन्हा सांगितली आहे आणि मिस्टी व ब्रॉक सोबतीला नाहीत. ती स्वतंत्र कथा आहे, तिला मूळ मालिकेच्या मापाने मोजता येत नाही.

कसबा_बावडा_खेळाडू :

राहिलेले दोन मुद्दे. गॅरीचे दहा बिल्ले ही चूक नाही. लीगमध्ये प्रवेशासाठी आठ बिल्ले पुरेसे असतात, पण त्या प्रदेशात जिम आठच आहेत असे मालिकेत कोठेही बंधन नाही. खेळात आठच आहेत म्हणून आपण तसे गृहीत धरतो. गॅरीचा स्वभाव पाहता त्याने दोन जास्त मिळवून ते अ‍ॅशच्या नाकासमोर नाचवणे अगदी सुसंगत आहे. हा मुद्दा काढून टाकावा.

भारतीय हत्तीचा मुद्दा ठेवावा. 1996 सालच्या पहिल्या जपानी खेळात रायचू या पोकेमॉनच्या नोंदीत म्हटले आहे की त्याची वीज एक लाख व्होल्टपर्यंत जाते आणि निष्काळजीपणे हात लावला तर भारतीय हत्तीसुद्धा बेशुद्ध पडतो. त्याच पहिल्या खेळातील एका डायरीत म्यू हा पोकेमॉन दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलात सापडल्याची नोंद आहे. सुरुवातीला हे जग आपल्याच पृथ्वीवर कल्पिलेले होते, हे त्यावरून दिसते; पुढे ते वेगळे होत गेले आणि हत्ती मात्र नोंदीत उरला. मुलांनी हा मुद्दा लिहिताना आधार म्हणून रायचूची नोंद खेळातून उतरवून घ्यावी आणि खाली 'खेळातून' असे स्पष्ट लिहावे, कारण गल्लीतली मोठी मुले आधी भागाचा क्रमांक मागतील, आणि खेळातल्या नोंदीला तो नसतो.